खिडकीच्या पट्टीवरचं चुन्याचं बोट

माझ्या साळभावानं मागच्या वर्षी नागपूरहून सेकंडहँड जर्मन गाडी आणली. गाडी एकदम चकाचक, फक्त ड्रायव्हरच्या खिडकीखालच्या चांदीसारख्या पट्टीवर एक पांढुरका डाग, बोटभर लांब, न खरंच बोटासारखाच, एका टोकाला जाड न पुढं निमुळता होत गेलेला. त्यानं शाम्पू लावला, लिंबू घासलं, देव्हाऱ्यातली पितळ घासायची पॉलिशही संपवली. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळं शेवटी फोन मलाच, "भाऊजी, काहून निघून नाही राहिला हा?"

डाग पाहिला न मला हसूच आलं. आपल्याकडे तंबाखू मळणारा माणूस बोटाला उरलेला चुना कुठंतरी पुसतोच, बस स्टँडचा खांब असो की पंचायतीची भिंत. इथं खिडकीतून हात बाहेर काढला न पुसला पट्टीला. साळभाऊ म्हणे आधीच्या मालकाचं काम असन. असन बाप्पा.

आता ही पट्टी कशाची हे आधी पाहा, कारण उपाय त्याच्यावर आहे. जुन्या स्पीकरमधलं चुंबक लावा. चिकटलं तर खाली लोखंड नाही तर स्टील. नाही चिकटलं न टिचकी मारल्यावर डब्यासारखा आवाज आला तर क्रोम चढवलेलं प्लॅस्टिक. आवाज धातूचा आला तर बहुतेक अ‍ॅल्युमिनियम (काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही, म्हणून बहुतेक म्हटलं). साळभावाची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची होती, अ‍ॅनोडाइज केलेली. म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून करंट सोडतात, मग धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो. हा रंग नव्हे न मुलामाही नव्हे, तो धातूतूनच उगवलेला असते. जाडी साधारण 10 मायक्रॉनच्या आसपास, आपला केस त्याच्यापेक्षा कितीतरी जाड. थर कडक इतका की हातानं पॉलिश घासून घासून माणूस थकते, थर नाही थकत.

पण या कडक थराची एक खोड आहे, त्याला आम्लही चालत नाही न अल्कलीही चालत नाही. पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) 4 ते साडेआठ, या पट्ट्यात तो निवांत असते, बाहेर गेलं की विरघळायला लागते. ओल्या चुन्याचा पीएच 12 च्या वर! बॉक्साइट या खनिजातून अ‍ॅल्युमिना, म्हणजे हेच अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, काढायला कारखान्यात गरम कास्टिक सोडा ही कडक अल्कली वापरतात, कार्ल बायरनं 1880 च्या दशकात शोधलेली रीत, तर तीच केमिस्ट्री त्या खिडकीवर चालू होती, छोट्या प्रमाणात, न भट्टीचं काम आपल्या मे महिन्यातलं 45 डिग्रीचं ऊन करत होतं.

गंमत म्हणजे त्या डागात दोन डाग होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाळला की त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होते, तो वरचा पापुद्रा. नखानं खरवडलं की खरखर लागते. चायनीजच्या गाडीवर असते ते व्हिनेगर निम्मं पाणी घालून कापसानं लावलं, बारीक बुडबुडे आले, मिनिटभरात धुऊन टाकलं. पापुद्रा गेला. खाली मात्र दुधाळ बोट तसंच. त्याला नख लावा, काहीच लागत नाही, कारण तिथं काही चिकटलेलं नाहीच, उलट तिथून काहीतरी गेलेलं आहे. थर खाल्ला जाऊन बारीक खड्डे पडले, न गुळगुळीत पृष्ठभागावरून सरळ परतणारा उजेड आता चहूकडे विखुरतो म्हणून पांढरं दिसते, बाथरूमच्या दुधी काचेसारखं.

यातलाच एक धोका सांगतो. भज्याचा कागद तेलानं कसा आरपार दिसायला लागते? तेल कागदातल्या फटी भरते न उजेड कमी विखुरते. तसंच या पट्टीला तेल किंवा सिलिकॉनची पॉलिश पुसली की दुधाळपणा आठवडाभर गायब. जुनी गाडी बघायला गेलात न पट्ट्या तेलकट लागल्या तर रुमालानं कोरड्या करून पाहा. साळभावानं नव्हतं पाहिलं.

क्रोमचं दुखणं वेगळं. क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ, खाली निकेल, त्याच्या खाली लोखंड, न वर सूक्ष्म भेगा. अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्यानं गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की क्षार त्या भेगांत बसतात न गंजाचे तांबडे ठिपके येतात. ते पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं हलक्या हातानं घासले की निघतात, अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं सहसा ओरखडा पडत नाही. पण टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड कोणी सुचवलं तर हात जोडा, त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमलाच खाते. वॉशिंग सेंटरवरही पोरगं इंजिन धुवायचा कास्टिकवाला फोम पूर्ण गाडीवर मारते, तेव्हा पट्ट्यांचं नाव घेऊन सांगा की साधा शाम्पू मार भाऊ, न सावलीत.

खाल्लेल्या थरावर घरगुती इलाज नाही. एक तर थर पूर्ण काढून, घासून, पुन्हा अ‍ॅनोडाइज करायचं, नाही तर पट्टी बदलायची, न जर्मन पट्टीची किंमत ऐकून साळभाऊ खुर्चीतच बसला. शेवटी सगळ्या पट्ट्यांवर काळं विनाइल चढवलं. छान दिसते.

परवा लग्नाला आला होता. काळ्या पट्टीवर, ड्रायव्हरच्याच बाजूला, पांढरं ताजं बोट. म्हटलं, आधीचा मालक येऊन गेला वाटते. गडी काही बोलला नाही, ओलं फडकं घेऊन पुसून टाकलं, न तेवढ्यानं निघालंही.