मुधोळ कुत्रं राखण करतं ते डोळ्यांनी

बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग, अथणी, चिकोडीकडं मळ्याच्या राखणीला मुधोळ कुत्रं ठेवायची हौस वाढली आहे. लष्करानं ही जात घेतल्याच्या बातम्यांनंतर तर पिल्लांचे भाव चढले, आणि ‘लांडग्याचं रक्त आहे, माणूस दिसला की फाडतं’ असं सांगून ती खपवली जातात. खरं तर हे शिकारी कुत्रं. पश्चिम आणि मध्य आशियातून आलेल्या सालुकीसारख्या शिकारी कुत्र्यांपासून ते उतरलं, असं मानतात. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात सांभाळली, वाढवली. आज मुधोळजवळ तिम्मापूरला तिचं सरकारी संशोधन केंद्र आहे.

या कुत्र्याचा खरा ऐवज म्हणजे डोळा. डोळ्यातलं चित्र मेंदूकडं धाडणाऱ्या गँग्लियन पेशी दृष्टिपटलावर सारख्या पसरलेल्या नसतात. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात त्या मधोमध गोलाकार दाटतात, तर लांब तोंडाच्या कुत्र्यात त्यांचा दाट आडवा पट्टा तयार होतो. कवटीच्या लांबीशी असलेलं हे नातं 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. या पट्ट्यामुळं मान न वळवता क्षितिजरेषेचा बराच भाग नजरेत राहतो. शिवाय अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी भरपूर, त्यामुळं हालचाल चटकन टिपली जाते. निश्चल बसलेला ससा मात्र निसटतो.

म्हणून ऊस काढलेल्या मोकळ्या रानात याला तोड नाही. उभ्या उसात मात्र नजरच अडते. तिथं कानानं आणि नाकानं जागं होणारं गावठी कुत्रं सरस, असं माझं मत आहे.

साखळीला बांधलेल्या मुधोळला लांबचं सगळं दिसतं, पण धावता येत नाही. त्यातून ते चिडकं होतं आणि घरच्यांवरही दात काढतं. त्याला सहा फुटांचं कुंपण आणि सकाळ-संध्याकाळ मोकळी धाव हवी. चैत्र-वैशाखातल्या दुपारी पळवू नका, ऊन लागून दगावेल. अंगावर चरबी नाही, त्यामुळं फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, जखमा होतात. खाली जाड पोतं घाला. भुलीची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा, कारण अशा सडपातळ जातींवर काही औषधांचा अंमल लांबतो. पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचं असताना माणसं, शेरडं, कोंबड्या रोज दाखवा. तरीही मोठेपणी शेरडांजवळ मोकळं सोडू नका, पळणारं जनावर दिसलं की ते मागं लागणारच.

तापट व्हावं म्हणून मिरची-कांदा चारणं हा निव्वळ खुळेपणा. मिरचीनं पोट बिघडतं, कांद्यानं तांबड्या रक्तपेशी फुटतात.