डम्फ्रीस हाऊस ‘वाचवलं’ म्हणजे नक्की काय झालं होतं

स्कॉटलंडमधला डम्फ्रीस हाऊस हा जुना वाडा २००७ मध्ये लिलावातून ‘वाचवला’ असं सगळीकडे सांगतात, ते कितपत खरं ते बघू. आधी नावाचा घोळ निस्तरू. डम्फ्रीस हाऊस डम्फ्रीस गावात नाहीये, ते एअरशरमध्ये, कमनॉकजवळ आहे. डम्फ्रीस ही तिथल्या मालक घराण्याची अर्लची (म्हणजे सरदारकीची) पदवी, १६३३ ची. ही जमीन त्यांनी दोनेक वर्षांनी घेतली आणि तेव्हा त्या जागेला लेफनॉरिस म्हणायचे. वाडा एका गावात आणि नावापुढे गाव दुसरंच, हे आपल्याला काही नवं नाही.

पण खरा गुंता पुढे आहे. ही पदवी बायकांकडूनही पुढे जायची. पाचव्या अर्लला ती आईकडून आली, त्याच्यामागे भाच्याला, मग भाच्याच्या मुलीचं लग्न ब्यूट घराण्यात झालं आणि तिच्या मुलाकडे दोन्ही घराण्यांचं सगळं आलं. तो वेल्समधल्या कार्डिफ बंदराच्या गोद्या बांधणारा माणूस, त्यांचे मोठे वाडे दुसरीकडे, इकडे कोण कशाला राहतंय.

आत्ताचं घर पाचव्या अर्लने १७५४ ते १७५९ मध्ये बांधून घेतलं. काम चालू असतानाच बायको वारली, तरी पठ्ठ्याने १७५९ मध्ये लंडनहून चिपेनडेल या नामांकित कारागिराचं फर्निचर मागवलं, दुसरं लग्न जमावं म्हणून घर सजवलं असंही म्हणतात. लग्न १७६२ मध्ये झालं, पण १७६८ मध्ये तो गेला तेव्हा मागे मूल नव्हतं. चिपेनडेलच्या त्या पन्नासेक वस्तू मात्र राहिल्या, आणि राहिल्या त्या मालकांचं लक्ष नव्हतं म्हणूनच, नाहीतर प्रत्येक पिढीने फॅशनप्रमाणे बदलल्या असत्या. १८९० च्या दशकात बाजूचे भाग वाढवले, एवढीच मोठी ढवळाढवळ. १९९३ मध्ये तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या मार्शनेस (ब्यूट घराण्यातल्या सरदारीणबाई) वारल्या आणि घर रिकामं झालं.

आता २००७. ब्यूट घराण्याचा तेव्हाचा वारस म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवलेला आणि १९८८ ची ल मां ही चोवीस तासांची मोटार शर्यत जिंकलेला माणूस. त्याच्याकडे दुसरा अवाढव्य वाडा होताच, हे घर त्याने आधी एका वारसा-संस्थेला देऊ केलं होतं, बोलणी फिसकटली, मग लिलाव ठरला. बहुतेक ठिकाणी तो खलनायक असल्यासारखा रंगवलेला असतो, मला ते पटत नाही. दोन राजवाड्यांचा खर्च एकट्याने किती वर्षं ओढायचा?

लिलाव जुलैत होता, कॅटलॉग छापून झाला होता, एका कपाटाचीच अंदाजे किंमत २० ते ४० लाख पाउंड. आणि जूनच्या शेवटी तेव्हाच्या युवराजांनी, म्हणजे आताचे राजे चार्ल्स यांनी, पुढाकार घेऊन घर, सामान आणि सुमारे २००० एकर जमीन मिळून साडेचार कोटी पाउंडांना सौदा केला. लंडनकडे निघालेले सामानाचे ट्रक रात्री वाटेतून परत फिरवले, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्यापुढचं कोणी सांगत नाही. साडेचार कोटींपैकी २ कोटी हे युवराजांच्या धर्मादाय संस्थेने काढलेलं कर्ज होतं, बाकी पैसे सरकार, वारसा निधी आणि देणगीदार यांचे. कर्ज फेडायचं कसं, तर शेजारच्या नॉकरून नावाच्या जमिनीवर छानसं नवं गाव वसवून, घरं विकून. आणि २००८ मध्ये बाजार कोसळला! साडेसातशेहून जास्त घरांचा आराखडा होता, बांधली गेली अगदी थोडी. म्हणजे ‘वाचवलं’ हा शब्द २००७ मध्ये जरा घाईचाच होता, कर्ज शेवटी देणग्यांमधून फिटलं तेव्हा कुठे तो लागू झाला.

आणि तिथेच पुढच्या भानगडीचं मूळ आहे. २०२१ मध्ये देणगीच्या बदल्यात मानसन्मान मिळवून देण्याचे आरोप झाले, युवराजांच्या संस्थेच्या प्रमुखाने राजीनामा दिला, पोलीस चौकशी झाली, २०२३ मध्ये पुढे कारवाई नाही असं ठरलं. एक मात्र मान्य करायला हवं, १९८० च्या दशकात कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून कमनॉकमध्ये कामं नव्हती, आणि आज या इस्टेटीवर स्वयंपाकापासून दगडकामापर्यंत शिकवतात, लोकांना नोकऱ्या आहेत.

ते २० ते ४० लाख पाउंडांचं कपाट अजून घरातच आहे, तिकीट काढून बघता येतं.