सॅली गोटी कुठे शोधेल?

टेबलावर दोन बाहुल्या, सॅली आणि ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना ॲन ती गोटी काढून खोक्यात लपवते. सॅली परत आली. आता ती गोटी कुठे शोधेल?

‘टोपलीत’ म्हणायचं तर गोटी खोक्यात आहे हे आपल्याला माहीत असूनही सॅलीला ते माहीत नाही, हे ध्यानात यावं लागतं. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या याच प्रयोगात २० स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी १६ मुलांनी गोटी खरोखर जिथे होती तिथेच बोट दाखवलं. डाउन सिंड्रोम (जन्मजात स्थिती, जिच्यात बौद्धिक वाढ मंद असते) असलेल्या १४ पैकी १२ मुलांनी मात्र बरोबर उत्तर दिलं, आणि भाषेच्या समजेत ती स्वमग्न मुलांच्या मागे होती. गोटी आधी कुठे होती, आत्ता कुठे आहे, हे तर सगळ्याच मुलांनी अचूक सांगितलं. म्हणजे अडचण आठवणीची नव्हती, सरसकट बुद्धीचीही नव्हती.

दुसऱ्याच्या मनातलं कळतं का, या प्रश्नाची सुरुवात एका चिंपांझीपासून झाली. १९७८ मध्ये डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुडरफ यांनी सारा नावाच्या चिंपांझीला माणसाचा हेतू कळतो का, हे तपासलं. मग १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी जागा बदललेल्या चॉकलेटची गोष्ट लहान मुलांना सांगितली. साधारण चौथ्या वर्षानंतर मुलांना ती जमू लागते, असं दिसलं.

१९८५ च्या निष्कर्षाचं पुढे फार ढोबळ वाक्य झालं: स्वमग्न मुलांना दुसऱ्याचं मन कळतच नाही. बरोबर उत्तर देणारी चार मुलं त्या वाक्यातून गळाली. आपल्याकडे रूढ झालेला ‘स्वमग्न’ हा शब्दही तोच ग्रह पक्का करतो, म्हणून मला तो खटकतो. फ्रान्सेस्का हॅपे यांनी १९९५ मध्ये दाखवलं की भाषेची समज वाढली की यातली बरीच मुलंही हे कोडं सोडवतात, फक्त त्यांना त्यासाठी इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त भाषा हाताशी लागते.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांनी कर्णबधिर मुलांना असाच प्रश्न विचारला. ऐकू येणाऱ्या घरांत वाढलेली बरीच कर्णबधिर मुलंही इथे अडखळली. याउलट आईवडीलही कर्णबधिर असलेली, जन्मापासून घरात खुणांची भाषा पाहिलेली मुलं मागे पडत नाहीत, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. जेवताना घरात काय काय बोललं जातं: आजी का रुसली, दादाला वाटलं बस सुटली म्हणून तो परत आला, ताईला अजून काही सांगू नका. कुणाला काय वाटतं, कुणाला काय ठाऊक नाही, हे सगळं त्यात येतं. ज्या मुलापर्यंत यातलं काहीच पोचत नाही, त्याने सॅलीच्या मनात काय आहे हे ओळखायचं कशाच्या आधारावर?