न वाळणारा गोंद आणि लिफ्टचं दार

रुग्णालय असो, मॉल असो की मोठी सोसायटी, लिफ्टचं दार हल्ली कोरं राहत नाही. कुठे लसीकरणाची माहिती, कुठे नव्या दुकानाची जाहिरात, कुठे गणेशोत्सवाचं चित्र. दाराची दोन पॅनलं मिटली की चित्र पूर्ण होतं, लिफ्ट आली की मधोमध दुभंगतं. यातली काही चित्रं दोन-तीन वर्षं जशीच्या तशी राहतात, तर काहींच्या कडा आठवडाभरातच सुटायला लागतात. अनेकदा छपाई तीच असते, व्हिनाइल, म्हणजे चित्र छापलेला तो मागून चिकट असलेला प्लास्टिकचा पापुद्रा, त्याच रोलमधलं असतं, चिकटवणारा कारागीरही तोच असतो. मग फरक पडतो कुठे? बहुतेक वेळा त्या स्टीलच्या पत्र्यावर, आणि तोही व्हिनाइल दाराला लागण्याच्या आधीच.

हे समजायला आधी व्हिनाइलच्या पाठीवरचा गोंद बघावा लागतो. लाकडाला लावायचा पांढरा गोंद पाणी उडून गेलं की घट्ट होतो. इपॉक्सीत दोन द्रव्यांची रासायनिक क्रिया होऊन तो कडक बनतो. व्हिनाइलवरचा अ‍ॅक्रिलिक गोंद मात्र कधीच वाळत नाही. कारखान्यात लावला तेव्हा तो जेवढा मऊ होता, तेवढाच तो दारावर तीन वर्षांनीही असायला हवा. सावकाश दाबलं तर तो वाहतो, पत्र्याच्या बारीक खाचांत उतरतो. अचानक ओढलं तर मात्र त्याला वाहायला वेळच मिळत नाही, म्हणून ताणून धरतो. एकाच पदार्थात द्रवाचा आणि रबराचा असे दोन्ही स्वभाव आहेत, आणि या प्रकारच्या चिकटण्याचं सगळं मर्म त्यातच आहे.

गोंद किती मऊ असावा, याला एक सीमा आहे. 3एम कंपनीतले संशोधक कार्ल डालक्विस्ट यांनी 1960च्या दशकात ती सांगितली. पदार्थाची ताठरता साधारण 3 लाख पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं आणि ताठरतेचं एकक) खाली असेल तरच तो नुसत्या हलक्या दाबाने चिकटतो. स्टीलची ताठरता सुमारे 200 अब्ज पास्कल, म्हणजे गोंद स्टीलपेक्षा साडेसहा लाख पटींहून मऊ हवा. इतका मऊपणा लागतो, कारण गोंदाला धातूशी धरून ठेवणारं बल फार जवळून काम करतं. हे बल म्हणजे रेणूरेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण. त्याचा पल्ला जेमतेम काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढा. गोंद पत्र्याला नुसता टेकून भागत नाही, तो पृष्ठभागावर पसरावा लागतो, पाण्याने कापड भिजावं तसा.

आणि पसरायचं की नाही, हे पृष्ठभाग ठरवतो. प्रत्येक पृष्ठभागाला पृष्ठऊर्जा असते. द्रवाचा पृष्ठताण तिच्यापेक्षा कमी असेल तर द्रव पसरतो, जास्त असेल तर थेंब गोळा होऊन बसतो. खरोखर स्वच्छ धातूची पृष्ठऊर्जा दर चौरस मीटरला शेकडो मिलिजूल असते, त्यामुळे त्यावर गोंद आनंदाने पसरतो. तेलाचा अगदी पातळ थर बसला की ती तीसच्या आसपास येते. सिलिकोनचा थर असेल तर वीस-बावीसवर. बाजारात स्टेनलेस स्टील चमकवायचे जे स्प्रे मिळतात, त्यांतल्या बऱ्याच स्प्रेंमध्ये हेच असतं, खनिज तेल किंवा सिलिकोन. आता व्हिनाइलच्या मागचा जो कागद आपण सोलून फेकतो, तो आठवा. गोंद त्याला धरत नाही, कारण त्या कागदावर मुद्दाम सिलिकोनचा थर दिलेला असतो. म्हणजे दारावर चमक आणायला रोज पॉलिश मारणारी सोसायटी नकळत आपल्या दाराचा असाच सोलायचा कागद, म्हणजे रिलीज पेपर, करून ठेवत असते. व्हिनाइलच्या दरावर तासभर घासाघीस करणाऱ्यांनी आदल्या आठवड्यापासून पॉलिश थांबवलं, तर पैसे जास्त वाचतील असं माझं स्पष्ट मत आहे.

दार स्वच्छ आहे की नाही, हे पाण्याने कळतं. दारावर पाणी हलकेच शिंपडायचं. सलग पातळ पापुद्रा पसरला तर पत्रा साफ, थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर अजून तेल आहे. साफ करण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. चांगला कारागीर आधी साबणाच्या पाण्याने दार धुऊन कोरडं करतो, मग दोन फडकी घेतो. एकावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुसरं कोरडं. ओल्या फडक्याने पुसलं की अल्कोहोल उडून जायच्या आत लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. हे का, ते थोडं बारकाईने पाहू. अल्कोहोल तेलकटपणा विरघळवतं, नाहीसा करत नाही. आपण ते तसंच उडू दिलं तर विरघळलेलं तेल होतं तिथेच पुन्हा बसतं, फक्त आणखी सारखं पसरून. पुसायचं ते हेअरलाइनच्या, म्हणजे स्टीलच्या पत्र्यावर एकाच दिशेने ओढलेल्या केसासारख्या बारीक, रेघांच्या दिशेने, कारण मळ त्या रेघांत बसतो. बटणाच्या बाजूचा भाग आणि हाताच्या उंचीचा पट्टा दोनदा पुसायचा, तिथे बोटांचं तेल असतं. सर्वात खालची पट्टीही, कारण तिथे रोज फिनाइलच्या पाण्याचे शिंतोडे उडतात.

व्हिनाइलची जन्मकथाही गोंदाशी जोडलेली आहे. व्हिनाइल ज्या प्लास्टिकचं बनतं ते पीव्हीसी 1872 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी नोंदवलं होतं, पण ते कडक आणि ठिसूळ, कुणाला त्याचा उपयोग सुचत नव्हता. 1926 मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सिमन धातूला रबर चिकटवणारा पदार्थ शोधत होते. उकळबिंदू जास्त असलेल्या द्रावकात त्यांनी पीव्हीसी तापवलं. गोंद काही मिळाला नाही, पण हाती आला एक लवचिक, मऊ पदार्थ. आजच्या व्हिनाइलचा मऊपणा तिथूनच आलेला आहे. पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये प्लास्टिसायझरचे रेणू शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात.

हे प्लास्टिसायझर कायम जागेवर बसत नाहीत. स्वस्त, मोनोमेरिक व्हिनाइलमधले त्यांचे रेणू लहान असतात, ते हळूहळू गोंदात उतरतात. व्हिनाइल कडक होतं, आकसतं आणि गोंद लिबलिबीत होतो. जुन्या स्टिकरच्या कडेने चिकट, धूळ धरलेली काळी रेघ दिसते, ती याचीच. पॉलिमेरिक व्हिनाइलमध्ये हे रेणू मोठे असल्यामुळे फार हलत नाहीत. बनवण्याची पद्धतही आकसण्यावर परिणाम करते. गरम रुळांमधून लाटून काढलेल्या कॅलेंडर्ड व्हिनाइलमध्ये ताण उरतो आणि ते मूळ मापाकडे परत जायला बघतं. द्रव ओतून, भट्टीत भाजून केलेल्या कास्ट व्हिनाइलमध्ये तो ताण जवळजवळ नसतो. त्याची जाडीही साधारण 50 मायक्रॉन, कॅलेंडर्डची 75 ते 100. लिफ्टचं दार सपाट असतं, म्हणून महागड्या कास्टची गरज सहसा पडत नाही. वर्षभर ठेवायचं असेल तर पॉलिमेरिक आणि त्यावर मॅट लॅमिनेशन, म्हणजे छपाईवरचा बिनचमकीचा पारदर्शक थर, पुरेसं आहे. मात्र सॉल्व्हंट (द्रावक असलेल्या) शाईची छपाई झाल्यावर लॅमिनेशनपूर्वी निदान एक दिवस ती वाळू द्यावी. घाई केली तर उरलेलं द्रावक गोंदात शिरून त्याला ढिला करतं आणि कडा वळतात.

आता प्रत्यक्ष चिकटवणं. नुसत्या तळहाताने दाबून का भागत नाही, याचं साधं गणित आहे. पाच किलोचा जोर तळहाताच्या शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरला तर दाब येतो सुमारे पाच हजार पास्कल. तोच जोर स्क्वीजीच्या, म्हणजे व्हिनाइल दाबून बसवायच्या पट्टीच्या, दहा सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद कडेवर दिला तर पाच लाख पास्कल. शंभरपट! गोंद हेअरलाइनच्या रेघांत उतरवायला हाच दाब लागतो. स्क्वीजी मधून कडेकडे, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर थोडा चढवत चालवायची, म्हणजे हवेला पळायला वाट राहते. चांगल्या व्हिनाइलच्या गोंदात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नाल्या असतात. हवा त्यातून निघून जाते आणि मग दाबाने गोंद वाहून नाल्याच बुजतात. अशा व्हिनाइलला साबणाचं पाणी मारून चिकटवू नये, पाणी नाल्यांतच अडकतं. आणि काम झाल्यावरही गोंद पसरतच असतो. पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस जातात, तोवर दार ओल्या फडक्याने पुसू नये.

लिफ्टचं दार इतर भिंतींपेक्षा वेगळं पडतं, ते त्याच्या हालचालीमुळे. तळमजल्याचं दार दिवसाला 300 वेळा उघडतं असं धरलं, तर वर्षाला लाखाच्या वर फेऱ्या होतात. मजल्यावरच्या दाराला स्वतःची मोटार नसते. मोटार असते केबिनच्या दाराला, केबिन मजल्यावर आली की तेच बाहेरच्या दाराला सोबत ओढतं. म्हणून लोकांना वजनाची काळजी वाटते, पण ती अनाठायी आहे. 40 सेंटिमीटर रुंद, दोन मीटर उंच आणि दीड मिलिमीटर जाड पत्राच साडेनऊ किलोचा भरतो. त्यावर लॅमिनेशनसह व्हिनाइल फार तर पाव किलो.

खरी गोम कडेत असते. व्हिनाइलला पत्र्याला समांतर ओढलं तर सगळ्या पृष्ठभागावरचा गोंद मिळून विरोध करतो. पण कडेला नख घालून सोललं तर सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि तेवढीच रेषा सुटत पुढे जाते. एकामागे एक सरकणाऱ्या पॅनलांमध्ये काही मिलिमीटरचीच फट असते. व्हिनाइलची जाडी तिच्या मानाने नगण्य, पण उचकटलेली कड तिथे अडकते आणि दर फेरीला थोडी आणखी सोलली जाते. म्हणून व्हिनाइल पॅनलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत थांबवावं, कोपरे गोल कापावेत आणि खाली पुसायच्या पाण्यापासून थोडं अंतर ठेवावं. कापताना कटर थेट पत्र्यावर चालवला तर दारावर कायमची चर उमटते. त्याऐवजी आधी माप घेऊन कापलेलं व्हिनाइल लावावं किंवा ओढला की व्हिनाइल कापणारा धागा असलेली कापणी टेप वापरावी. दाराला पाहण्याची काच असेल तर ती आणि केबिनच्या दाराच्या कडेचे सेन्सर झाकू नयेत. पॅनल सरकवून आतल्या कडेला काम करायचं असेल तर लिफ्टच्या देखभालीचा तंत्रज्ञ हजर हवाच. त्या दारामागे केबिन नसेल तर सरळ खोल खड्डा असतो, आणि पेस्टिंगवाल्या पोरांच्या हाती दाराची चावी देऊन निघून जाणं हा गुन्ह्याइतकाच बेजबाबदारपणा आहे.

हवामानाचाही भाग आहे. निफाडच्या बाजूला थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा पत्रा गार असतो, गोंद ताठर होतो आणि पसरत नाही. तिथे दुपारचं काम बरं. कोकणात पावसाळ्यात पत्र्यावर न दिसणारी ओल बसते, त्यामुळे कोरडं फडकं दोनदा फिरवावं. समुद्रकाठी एक जास्तीची काळजी आहे. स्टेनलेस स्टीलचं रक्षण त्यावरचा काही नॅनोमीटरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर करतो. सुटलेल्या कडेखाली खारट ओल साचून राहिली तर क्लोराईड तो थर भेदतं आणि तपकिरी ठिपके पडतात. अशी कड दिसली की पुन्हा दाबत न बसता तेवढं व्हिनाइल काढून टाकणं शहाणपणाचं.

काढतानाही गोंदाचा तोच स्वभाव उपयोगी पडतो. गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने हात सहन करेल इतपतच तापवायचं, म्हणजे गोंद नरम होतो. मग व्हिनाइल पत्र्याच्या जवळ मागे दुमडून सावकाश, एकसारखं ओढायचं. झटका दिला तर गोंद ताठरतो आणि जुनं, कडक झालेलं व्हिनाइल तुकड्या-तुकड्यांत फाटतं. खूप तापवलं तर पीव्हीसीचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो श्वासालाही वाईट आणि स्टीलला तर वैरीच. मागे राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याखाली काही मिनिटं भिजू द्यावा आणि प्लास्टिकच्या पट्टीने रेघांच्या दिशेने सरकवून काढावा. त्याला तारेची घासणी लावू नये, नाहीतर हेअरलाइनवर आडव्या रेघा उठतात आणि त्या पुढच्या व्हिनाइलखालीच काय त्या झाकल्या जातात.