पाण्याचं मीटर लावलं की बिल कमी होतंच का?

‘मीटर बसवा, पाण्याचं बिल आपोआप कमी होईल’, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मीटर पाणी वाचवत नाही, फक्त मोजतं. वापर कितीही असो, ठरावीक पाणीपट्टी भरणाऱ्या घरात माणसं कमी असतील तर मीटरने बहुधा फायदा होतो; माणसं जास्त असतील तर बिल वाढूही शकतं.

हे आधीच पडताळता येतं. अंघोळीची बादली साधारण किती लिटरची, फ्लशची टाकी केवढी, कपडे-भांडी-स्वयंपाकाला किती लागतं, याची आठवडाभर नोंद ठेवा. त्यावरून महिन्याचा वापर काढा. १,००० लिटर म्हणजे एक घनमीटर. त्याला दराने गुणा, मीटरचं स्थिर शुल्क मिळवा (हे बरेचजण विसरतात) आणि सध्याच्या पट्टीशी तुलना करा.

गळतीही महत्त्वाची. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी घालवतो, आणि मीटर तेही मोजतं. मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून, टाकी भरलेली असताना आकडा लिहून ठेवा. सकाळी पाणी वापरण्याआधी तो पुढे सरकलेला दिसला, तर आधी प्लंबरला बोलवा.