उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्काराचा अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि आकड्यांची तयारी

राज्य शासनाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कारासाठी अर्ज मागवल्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत येऊन जाते. मग वाचनालयात धावपळ सुरू होते. कार्यवाह कार्यक्रमांचे फोटो गोळा करतात, ग्रंथपाल जुनी रजिस्टरं काढतात. फोटोंनी फाइल जाड होते, पण ग्रंथालय खरंच वापरात आहे की नाही, हे सांगतात ती रजिस्टरं. म्हणून या माहितीत जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

अर्ज कोण करू शकतं?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 नुसार चालणाऱ्या व्यवस्थेत मान्यता मिळालेली, म्हणजे शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं. शाळा-महाविद्यालयांची ग्रंथालयं किंवा सोसायटीतलं खासगी वाचनालय यात बसत नाही. शहरी आणि ग्रामीण असे वेगळे गट आहेत आणि प्रत्येक गटात अ, ब, क, ड या वर्गांना (शासनाने ग्रंथालयाला दिलेला दर्जा; 'अ' सगळ्यात वरचा) स्वतंत्र पुरस्कार. त्यामुळे वाडीवरच्या 'ड' वर्ग वाचनालयाची गाठ शहरातल्या शतायुषी ग्रंथालयाशी पडत नाही. अलीकडच्या वर्षांत या चार वर्गांसाठी रक्कम अनुक्रमे 1 लाख, 75 हजार, 50 हजार आणि 25 हजार रुपये अशी आहे. सोबत सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र.

व्यक्तींसाठीचा पुरस्कार निराळा आहे : भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा, ग्रंथालय कार्यकर्ते आणि सेवक यांना मिळणारा. त्याचा अर्जही स्वतंत्र. रंगनाथन मुळात गणित शिकवायचे, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आकडे म्हटले की अंगावर काटा येणाऱ्या कार्यवाहांनी एवढं ध्यानात ठेवावं.

अर्ज कुठे, कसा?

विहित नमुना जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मिळतो. भरलेला अर्ज तिथेच तीन प्रतींत द्यायचा. चौथी प्रत स्वतःच्या कपाटात ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. अंतिम तारीख आणि त्या वर्षीच्या अटी आवाहनात दिलेल्या असतात. गेल्या वर्षीचा नमुना झेरॉक्स करून भरू नका.

फाइलीत काय तयार ठेवावं?

मान्यतेचा आणि सध्याच्या वर्गाचा आदेश, संस्था व न्यास नोंदणीची प्रमाणपत्रं, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण अहवाल, शेवटच्या तपासणीचा अहवाल, कार्यकारी मंडळाचा ठराव. हे बहुतेकांकडे असतं, कारण अनुदानासाठी ते लागतंच. उपक्रमांची कात्रणं जोडा, पण निवडक.

आकडे

चार वह्यांवर सगळं उभं आहे : दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची), सभासद नोंदवही, देवघेव नोंदवही (घरी नेलेल्या-परत आलेल्या पुस्तकांची) आणि वाचक उपस्थितीची वही. या चौघींचा आपसात मेळ बसला पाहिजे, आणि पावती पुस्तकाशीही. अर्जात सभासद 400 आणि वर्गणीच्या पावत्या 150, तर पहिला प्रश्न तिथेच येणार. महिनाभराची उपस्थिती एकाच हाताने, एकाच शाईत भरलेली असेल तर तपासणाऱ्याला ती लांबूनच ओळखू येते.

नुसत्या बेरजा लिहून भागत नाही, भागाकारही करा. समजा, ग्रामीण 'क' वर्ग वाचनालयात 4,200 पुस्तकं आहेत, 210 सभासद आहेत आणि वर्षात 6,300 पुस्तकं घरी गेली. म्हणजे सभासदामागे वर्षाला 30 आणि पुस्तकामागे दीड. चित्र बरं दिसतं. पण कादंबऱ्या दहा-दहा वेळा फिरल्या असतील आणि वैचारिक ग्रंथांच्या कपाटाची किल्लीच सापडत नसेल, तरी सरासरी दीडच येते. म्हणून देवघेव विभागवार काढा : कथा-कादंबरी, चरित्र, बाल, स्पर्धा परीक्षा.

संगणक नसला तरी अडत नाही. एका कपाटातली सलग पन्नास पुस्तकं काढा आणि मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा शेवटचा तारखेचा शिक्का बघा. तीन वर्षांत शिक्काच पडला नाही अशी किती, ते मोजा. निम्म्याहून जास्त निघाली तर पुढच्या ग्रंथखरेदीत त्या विषयाला कात्री लावा, किंवा ती पुस्तकं महिनाभर दाराजवळच्या टेबलावर मांडून पाहा आणि नंतर पुन्हा मोजा. ही आधीची आणि नंतरची मोजणी अर्जात लिहिण्याजोगी आहे. 'वाचनसंस्कृती रुजवण्यासाठी सातत्याने प्रयत्न' हे वाक्य प्रत्येकच अर्जात असतं. 'घरपोच पुस्तकं सुरू केल्यावर महिला सभासद अमुकावरून तमुकावर गेल्या' असं वाक्य, मागे वहीचा आधार असेल तर, क्वचितच कुणी लिहितं.

घटलेले आकडेही दाखवा. वृत्तपत्र वाचायला येणाऱ्यांची संख्या मोबाइलमुळे घटली असेल तर ती तशीच लिहा आणि त्याच खोलीत अभ्यासिका सुरू केली असल्यास तिथली उपस्थिती शेजारी द्या. फुगवलेला आकडा पुढच्या वर्षीच्या अहवालात उघडा पडतोच.

अर्ज दिल्यावर

जिल्हा कार्यालयाकडून पडताळणी होते. अर्ज पुढे विभागाच्या सहायक ग्रंथालय संचालकांकडे आणि तिथून मुंबईच्या ग्रंथालय संचालनालयाकडे जातात. पडताळणीला कुणी आलं तर मूळ वह्या दाखवाव्या लागतील, तेव्हा त्या ग्रंथपालांच्या घरी नकोत.

पुरस्कार मिळो न मिळो, हे आकडे एका मोठ्या कागदावर लिहून दाराशी लावा. ग्रामपंचायतीकडे जागेसाठी किंवा वीजबिलासाठी जाताना, देणगीदाराकडे कपाट मागताना हाच कागद बरोबर न्यावा. ग्रंथालयांना मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधी (राज्याचाही वाटा असलेल्या) आणि असमान निधी (फक्त प्रतिष्ठानच्या पैशातल्या) योजनांचे अर्ज भरतानाही यातली बरीचशी माहिती उपयोगी पडते, फक्त तारखा ताज्या करून घ्या.