गळका नळ आणि पान्याचा मोह

नळ गळायला लागला की आपण पहिल्यांदा काय करतो? तोटी आणखी जोरात आवळतो. दोन दिवस गळती थांबते. तिसऱ्या दिवशी पुन्हा टिपटिप, पुन्हा थोडा जास्त जोर. महिन्याभरात अशी पाळी येते की तो नळ घरातल्या एकाच दणकट माणसाला बंद करता येतो, आणि उघडायलाही बाकीच्यांना त्यालाच हाक मारावी लागते. हा सगळा जोर आपण नेमका कशाविरुद्ध लावतोय, ते एकदा मोजून बघण्यासारखं आहे.

टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवरून ठरतो. दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो वजनाइतका दाब. टाकी ५०० लिटरची असो की ५,००० लिटरची, खालच्या नळाला फक्त उंची कळते. पाण्याची पातळी नळापासून २० मीटर वर असेल तर दाब २ बार. आता पाइपला १ मिलिमीटर व्यासाचं भोक पडलंय असं धरा. भोकाचं क्षेत्रफळ जेमतेम ०.८ चौरस मिलिमीटर, म्हणजे पाणी त्यातून बाहेर रेटतं ते सुमारे १६ ग्रॅम वजनाइतक्या बळाने. तीन लहान चमचे पाण्याचं वजन तेवढं भरेल! अर्धा इंची पाइपचं तोंड सताड उघडं असलं तरी ते तळव्याने दाबून धरायला साडेतीन किलोच्या आसपास बळ पुरतं. पाणी अडवायला ताकद लागतच नाही म्हणा ना.

मग बोट ठेवलं तरी बाजूने फवारा का उडतो? कारण बोट आणि पाइप यांच्यात फट राहते. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने १६४४ साली छापलेल्या नियमानुसार २० मीटर उंचीच्या दाबाखालचं पाणी भोकातून सेकंदाला जवळपास २० मीटर वेगाने सुटतं. घर्षण आणि धारेचं आकुंचन वजा केलं तरी त्या टाचणीएवढ्या भोकातून दिवसाला ८०० लिटर पाणी जाऊ शकतं. अडचण बळाची नसून फटीची आहे. फट बुजवायला हवा एखादा मऊ, खाचाखोचांत शिरणारा पदार्थ, आणि त्यावर बेताचा दाब. म्हणूनच सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळली आणि वर क्लॅम्प बसवला, की प्लंबर येईपर्यंत लोखंडी पाइपचं बारीक भोक सहज निभतं.

नळातला वायसर नेमकं हेच काम करतो. पितळेच्या गोल कडेवर, म्हणजे सीटवर, रबर दाबलं जातं, रबर थोडं पसरतं आणि फट मिटते. पण रबर वर्षानुवर्षं दबलेलं राहिलं की दबलेला आकार धरून बसतं, पाण्यातल्या क्लोरीनने कडकही होतं. अशा मेलेल्या रबरावर जोर लावून ते जिवंत होत नाही. उलट कडक रबर आणि मध्ये अडकलेले वाळूचे कण मिळून सीटलाच चरा पाडतात, आणि मग नवा वायसर टाकूनही नळ गळतो. दोन मिनिटांच्या कामाचा खर्च नव्या नळापर्यंत जातो तो असा. वायसर बदलताना सीटवरून बोट फिरवून बघा, चरा हाताला लगेच लागतो.

वायसर बदलायला नळ खोलण्याआधी मेन कॉक बंद करायचा, नळ उघडा ठेवून पाइपमधलं पाणी काढून टाकायचं, आणि बेसिनच्या भोकात फडका कोंबायचा. ही शेवटची सूचना अनुभवाची आहे. तो स्क्रू बहुधा अजून त्याच नळीत कुठेतरी असेल. गीझरच्या जोडाला हात लावणार असाल तर आधी त्याची वीज बंद.

पाव वळशात उघडणाऱ्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की एकमेकींवर टेकल्या तरी पाणी मधून जात नाही. तिथे आवळण्याला काही अर्थच उरत नाही, चकत्या फक्त फिरतात. गळती आली तर आतलं कार्ट्रिज बदलायचं.

आट्यांच्या जोडावर मात्र पान्याचा मोह सगळ्यात महागात पडतो. निमुळते आटे पाचरीसारखे काम करतात: जितकं आवळाल तितका बाहेरचा भाग फाकतो. बाहेरचा भाग धातूचा असेल तर सोसतो. प्लास्टिकचा असेल तर त्या क्षणी काही दिसत नाही, पण ताण आत साठून राहतो आणि कधीतरी मध्यरात्री एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, उभा तडकतो. टेफ्लॉन टेप इथे दुहेरी उपयोगाची. ती आट्यांमधली जागा भरते आणि निसरडी असल्यामुळे कमी जोरात जोड खोल बसतो. हे टेफ्लॉन सापडलं १९३८ मध्ये. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट शीतकरणासाठीच्या एका वायूवर काम करत होते. सिलिंडर वजनाने भरलेला, पण वायू काही बाहेर येईना. कापून बघितला तर आत मेणचट पांढरी भुकटी. टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर जोड फिरवताना ती उलगडत जाते. आणि ज्या जोडात रबरी वायसर आहे तिथे टेप नकोच, तिथे पाणी अडवण्याचं काम रबराचं.

एवढं करूनही भिंत ओली राहत असेल तर आपण चुकीची जागा दुरुस्त केली असण्याची शक्यता मोठी. विटा आणि प्लास्टरमधल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढतं. छिद्राची त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर सुमारे १५ सेंटिमीटर, त्याच्या दहाव्या हिश्शाची असेल तर दीड मीटर. म्हणून पोपडे सुटलेत तिथेच पाइप फुटलाय असं समजून भिंत फोडू नका. आधी ओल सतत आहे की वापरानंतरच वाढते ते बघा. सतत असेल तर दाबाखालच्या पाइपवर संशय घ्या, आंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याच्या. भिंत पुसून त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा. दोन दिवसांनी मागच्या बाजूला पाणी असेल तर ते भिंतीतून आलंय. पुढच्या बाजूला असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय, आणि प्लंबरचा काही संबंध नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कुणाला जाऊ देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी झडप गेली.

एकच जोड पुन्हापुन्हा गळत असेल तर कान द्या. वॉशिंग मशीन पाणी थांबवताना भिंतीत ठोका ऐकू येतो का? वाहतं पाणी अचानक अडलं की दाबाची लाट उठते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये तिचं गणित मांडलं. लोखंडी पाइपमध्ये सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी झटक्यात थांबलं तर दाब १२ बारपेक्षा जास्त उसळू शकतो. प्लास्टिकचा पाइप थोडा फुगतो म्हणून तिथे उसळी कमी, पण जोडाला रोजचे धक्के बसतातच. मशीनकडे जाणारा कॉक थोडा मुरडून पाण्याचा वेग कमी केला तरी फरक पडतो.

दुरुस्तीनंतर मेन कॉक याच कारणाने हळूहळू उघडायचा. मग जोड कोरडा पुसून त्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि झोपा. रात्री कुणी पाणी वापरत नाही, प्रवाह थांबल्यामुळे पाइपमधलं घर्षणही थांबतं आणि प्रत्येक जोडावर टाकीचा पूर्ण दाब येतो. कागद सकाळीच बघा.